मावळच्या डोक्यावरील दोन हवा

रोहिणी नक्षत्र लागलें कीं मावळांतील भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याची नजर घाटमाथ्याकडे व कान वेधशाळेच्या वार्तेकडे लागतात. दाढ भाजून तयार असते, बियाणें घरांत येऊन पडलेलें असतें, आणि प्रश्न एकच उरतो : आतां जें आभाळ येईल तें खऱ्या पावसाळ्याचें, कीं दोन दिवस गडगडून निघून जाणारें? या प्रश्नाचें उत्तर चुकलें तर बीं जातें, रोप मागें पडतें, लावणी लांबते, आणि सुमारें १३५ ते १४० दिवसांनीं तयार होणारें इंद्रायणी भात ऐन फुलोऱ्यांत अथवा कापणींत अवकाळी हवेच्या तावडींत सांपडतें.

वेधशाळा नकाशावर एक रेषा काढते आणि मान्सूनची सीमा येथवर आली असें सांगते. ती रेषा पाहून आपल्यांतील पुष्कळांची अशी समजूत होते कीं, लढाईंतील फौजेप्रमाणें पावसाची एक फळी पुढें सरकत येते आणि ती गांवावरून गेली कीं पाऊस सुरू झाला. ही समजूत सर्वस्वी खोटी नाहीं. पण मावळापुरती ती अर्धीच खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजुतीवर पेरणी करणें महागांत पडतें. सन २०२३ मध्यें ही रेषा मुंबईवर २५ जून रोजीं पोंचली, आणि त्याच दिवशीं ती दिल्लीवरहि होती. दोन्ही शहरांत पाऊस एकाच दिवशीं दाखल होण्याचा असा प्रकार त्यापूर्वी १९६१ सालीं घडला होता. सन २०२५ मध्यें तीच रेषा मुंबईवर २६ मे रोजींच येऊन ठेपली. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. म्हणजे दोनच वर्षांच्या अंतरानें एक महिन्याचा फरक पडला. पहिल्या सालीं ज्यांनीं मृगाच्या भरंवशावर धूळवाफ्यांत बीं टाकलें त्यांस पाण्याची वाट पाहावी लागली; दुसऱ्या सालीं धूळवाफ्यास सवडच उरली नाहीं. तेव्हां ही रेषा म्हणजे काय, तिच्या दोन बाजूंस काय असतें, आणि मावळच्या डोंगरांत ती कोणतें रूप घेते, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हवेच्या शास्त्रांत 'आघाडी' हा शब्द खरोखरच लढाईंतून आला. पहिल्या महायुद्धांत नॉर्वे देशास बाहेरच्या हवेच्या तारा मिळेनाशा झाल्या आणि परदेशचें धान्यहि दुर्मिळ झालें. तेव्हां बर्गेन शहरीं व्हिल्हेल्म ब्यर्कनेस या शास्त्रज्ञानें १९१८ च्या उन्हाळ्यांत शेतकऱ्यांसाठीं हवेचे अंदाज देण्याचें काम उभारलें व त्यासाठीं निरीक्षणाचीं ठिकाणें पुष्कळ वाढविलीं. या दाट जाळ्यांतून त्याचा मुलगा याकोब यास असें दिसून आलें कीं, वादळांतील हवा सारखी मिसळलेली नसते. थंड हवा व उबदार हवा यांच्यामध्यें स्पष्ट सीमा असते, आणि पाऊस बहुधा त्या सीमेच्या आसपास पडतो. हें त्यानें १९१९ सालीं प्रसिद्ध केलें. युद्धाची आठवण ताजी होती, म्हणून त्या सीमेस आघाडी हें नांव पडलें. शेतकऱ्याच्या गरजेंतून वाढलेली ही विद्या आहे, हें आमच्या वाचकांस सांगतांना आम्हांस संतोष वाटतो.

या विद्येंतील दुसरी कल्पना वायुराशीची. ज्या माठांत पाणी ठेवावें त्या माठाचा वास पाण्यास लागतो, तसेंच हवेचें आहे. एकाच तऱ्हेच्या जमिनीवर किंवा पाण्यावर हवा कित्येक दिवस राहिली कीं तिला त्या जागेचा गुण लागतो. वाळवंटावरची हवा कोरडी, हिमाच्या प्रदेशावरची थंड, उष्ण समुद्रावरची उबदार व बाष्पानें भरलेली. अशा शेंकडों कोस पसरलेल्या एकगुणी हवेस वायुराशि म्हणतात. दोन भिन्न गुणांच्या राशि भेटल्या म्हणजे त्या सहजासहजीं एकजीव होत नाहींत. जड थंड हवा पहारीच्या टोंकाप्रमाणें हलक्या हवेखालीं शिरते व तिला उचलते. उचललेली हवा थंड होते, तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें आणि ढग धरतात. युरोपांत शीत आघाडी म्हणतात ती हीच.

आपल्याकडे हवामानखात्याची स्थापना १८७५ सालीं झाली, आणि त्याची मुख्य कचेरी १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आली. पुढें ती दिल्लीस गेली, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस सिमला ऑफिस हें नांव राहून गेलें तें राहिलेंच. नॉर्वेची विद्या तेथेंहि पोंचली. १९३३ सालीं के. आर. रामनाथन व के. पी. रामकृष्णन यांनीं नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांवर व त्यांतील वादळांच्या रचनेवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. आपल्या पावसाळ्याकडे वेगवेगळ्या हवांची भेट या दृष्टीनें पाहण्याचा तो काळ होता. परंतु पुढें असा अनुभव आला कीं, उष्ण कटिबंधांत नॉर्वेची आघाडी जशीच्या तशी सांपडत नाहीं. तेथें दोन हवांत मुख्य भेद थंडी-उष्णतेचा असतो. येथें दोन्ही हवा उष्णच असतात, भेद असतो तो ओलाव्याचा. म्हणून मावळच्या शेतकऱ्यानें 'हवा गार आहे कीं गरम' हा प्रश्न दुय्यम समजावा. 'मी आज समुद्राच्या हवेंत उभा आहें कीं जमिनीच्या?' हा मुख्य.

यांतील समुद्राची हवा फार दूरची आहे. आपल्याकडे उन्हाळा असतांना विषुववृत्ताच्या दक्षिणेस हिंवाळा असतो. मादागास्करच्या पूर्वेस मॅस्करीन बेटांच्या बाजूस त्या वेळीं हवेचा दाब वाढतो. तेथून आग्नेयेचे वारे निघतात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळें उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येचे होऊन अरबी समुद्रावर येतात. सुमारें दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्यांचा एक अतिशय वेगवान झोत असतो, हें जे. फिंडलेटर यानें १९६९ सालीं दाखविलें. हजारों मैल तापलेल्या समुद्रावरून येतांना ही हवा बाष्प पीत येते. जमिनीची हवा याच्या उलट. ती वायव्येकडून, राजस्थान व त्यापलीकडील रुक्ष प्रदेशांतून उतरते. दिवसा भाजते, रात्रीं लवकर निवते, आणि ओलें फडकें पाहतां पाहतां सुकविते. ओलाव्याचा हिशेब असा आहे : ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त सुमारें ३० ग्रॅम बाष्प राहूं शकतें, २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅम आणि १० अंशांवर साडेनऊ ग्रॅमहि नाहीं. हे तीन आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. घाटांतील सगळा पाऊस यांतूनच निघतो.

या दोन हवांची सीमा पाहावयास जूनची वाट पाहावी लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत ती लहान रूपानें मावळांतून वारंवार जाते. किनाऱ्यावर दुपारपूर्वींच खारा वारा सुटतो. तो कोंकणपट्टी ओलांडून बोरघाटानें व आजूबाजूच्या खिंडींतून वर चढतो, लोणावळ्यावरून कार्ले-कामशेतकडे उतरतो, आणि पुष्कळदां संध्याकाळपर्यंत पुण्यास पोंचतो. सिमला ऑफिसांत बसून रामनाथन यांनीं पुण्यावर येणाऱ्या याच खाऱ्या वाऱ्याच्या रचनेवर १९३१ सालीं टिपण प्रसिद्ध केलें होतें. दुपारभर अंग भाजणारा वारा क्षणभर पडतो, खळ्यांतील भुसा गरकन फिरतो, धूर पूर्वेकडे कलतो आणि अंगास ओलसर गारवा लागतो : हीच ती आघाडी. तिच्यांत ढग नसला तरी ती खरी आघाडी आहे, कारण तिच्या अलीकडे एक हवा व पलीकडे दुसरी हवा असते. जो शेतकरी ही रोजची आघाडी ओळखावयास शिकेल त्याला मोसमाची मोठी आघाडी ओळखण्यास अडचण पडणार नाहीं.

मे महिन्यांत या भेटीस जोर चढतो. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाकडे दक्षिणोत्तर असा एक कमी दाबाचा पट्टा उभा राहतो. त्याच्या पश्चिमेस कोरडा वायव्य वारा असतो आणि पूर्वेस बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट दक्षिणेचा वारा. नॉर्वेच्या आघाडीशीं आपल्या देशावरचें जवळचें नातें जर कोणाचें असेल तर तें या पट्ट्याचें. याच्या आसपास दुपारच्या तापानें हवा उसळते, काळे ढग डोंगरासारखे वर चढतात, आणि मावळावर ते बहुधा पूर्वेकडून अथवा आग्नेयेकडून येतात. आधीं धुळीचा लोट व गार वाऱ्याचा तडाखा, मग टपोरे थेंब, विजा आणि कधीं गारा. हा तडाखाहि एक छोटी आघाडीच होय. ढगांतून खालीं कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत जाते, ती त्याची फळी. वळीव तासाभरांत संपतो व दुसऱ्या दिवशीं तेंच ऊन आणि तोच वायव्य वारा परत येतो. जमीन नांगरटीस मऊ झाली एवढाच त्याचा लाभ धरावा. वळिवाच्या ओलीवर रोपाची पेरणी करणें म्हणजे पाहुण्याच्या भरंवशावर घर चालविणें होय.

खरी समुद्राची हवा आली हें निराळ्या खुणांनीं कळतें. वारा दिवसाच नव्हे तर रात्रींहि नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा राहतो. संध्याकाळीं पडून सकाळीं फिरत नाहीं. खालचे करडे ढग पश्चिमेकडून सारखे धांवत येतात. गडगडाट कमी होतो. आणि सर्वांत भरंवशाची खूण अशी कीं, दिवसाच्या व रात्रीच्या उष्णतेंतील अंतर आटतें. पुण्यास मे महिन्यांत दिवसाचा पारा सरासरीनें सुमारें ३७ अंशांवर चढतो व रात्रीं २२-२३ पर्यंत उतरतो, म्हणजे अंतर चौदा-पंधरा अंशांचें. जुलैंत दिवसा २८ व रात्रीं २२, म्हणजे अंतर जेमतेम सहा अंशांचें. बाष्पानें भरलेली हवा व ढग हे घोंगडीप्रमाणें रात्रीची ऊब धरून ठेवतात आणि दिवसाचें ऊन अडवतात. एक-दोन सरींवर न भाळतां हें अंतर सतत तीन-चार दिवस कमी राहिलेलें पाहावें. नकाशावरील रेषा जिल्ह्याची खबर देते. आपल्या शिवाराची खबर ही खूण देते.

आतां डोंगराकडे वळूं. समुद्राची हवा कोंकणांत पसरते तेव्हां तिला कोणी उचलणारें नसलें तरी मुंबईस वर्षाचा पाऊस सुमारें २२०० ते २५०० मिलिमीटर पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशीं ती आली कीं तिला वर चढण्यावांचून गति उरत नाहीं. वर चढणारी हवा दर १०० मीटरांस सुमारें एक अंश निवते. कोंकणांत तिची उष्णता २८ अंश व दंव धरण्याची मर्यादा २४ अंशांच्या आसपास धरली, तर सुमारें ५०० मीटर चढतांच तिच्यांत ढग धरूं लागतो. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें ६२० मीटर उंच आहे. म्हणून आषाढांत खंडाळ्याच्या घाटांत प्रवासी ज्याला धुकें म्हणतात तें वस्तुतः ढगाचें पोट असतें. कोंकणांतला मनुष्य खालून पाहून त्यालाच ढग म्हणतो. एकदां ढग धरला कीं बाष्पाचें पाणी होतांना जी उष्णता सुटते ती त्या हवेस हलकी ठेवते व आणखी वर लोटते. डोंगर हवेस फक्त पहिला हात देतो. पुढची चढण ती पुष्कळ वेळां आपल्याच बळावर चढते. याचा परिणाम असा कीं, लोणावळ्याचा वर्षाचा पाऊस सरासरीनें ४००० मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे एकशेंसाठ इंचांच्या वर आहे, आणि आगगाडीनें ६४ किलोमीटर दूर असलेल्या पुण्याचा सुमारें ७५० मिलिमीटर. मुंबईहून पाहिलें तर येथें आघाडी हलत नाहीं. सह्याद्रि हीच उभी आघाडी, आणि हवा तिच्यावर येऊन आदळते.

पुण्याकडे पाऊस कां घटतो याचें उत्तर शाळेच्या पुस्तकांत एका वाक्यांत असतें : डोंगर उतरतांना हवा तापते व कोरडी होते. वाक्य खरें आहे, पण मावळाचा नकाशा समोर ठेवला तर तें अपुरें पडतें. पुणें ५६० मीटरांवर आहे. लोणावळ्यापेक्षां केवळ साठ मीटर खालीं. एवढ्या उतारानें अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक पडेल, त्यानें पाऊस पांचपटींनीं घटावयाचा नाहीं. खरी गोष्ट अशी कीं, हवा घाटाच्या कड्याच्या उंचीवर थांबत नाहीं, ती शिखरांहून वर फेंकली जाते व तेथून खालीं येते. तिच्यांतील बरेंचसें पाणी माथ्यावर गळून गेलेलें असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पुढें तिला उचलणारी भिंत उरत नाहीं. म्हणूनच मावळांत जेथें आणखी भिंती आहेत तेथें पाऊस एकसारखा घटत नाहीं. लोहगड-विसापूरची रांग हजार मीटरांच्या वर जाते व पवन मावळास इंद्रायणीच्या खोऱ्यापासून तोडते. तुंग-तिकोन्याचे डोंगरहि तितकेच उंच. अशा रांगेच्या पश्चिम अंगाचें गांव व पूर्व अंगाचें गांव यांत कोसा-दोन कोसांवर पावसाचा फरक पडतो, आणि आंदर, नाणे व पवन या तिन्ही मावळांतील शेतकरी हें पिढ्यान् पिढ्या जाणून भाताच्या जाती निवडीत आला आहे.

या उभ्या आघाडीचें मोल भांडवलवाल्यांस आमच्याहून लवकर कळलें, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. टाटांच्या कंपनीनें वळवण, शिरवतें इत्यादि ठिकाणीं पाणी अडवून १९१५ सालीं खोपोलीस वीज काढली आणि १९२२ सालीं आंदर मावळांतील ठोकरवाडीचें पाणी भिवपुरीस सोडलें. मुळशीच्या शेतकऱ्यांनीं जमिनी बुडण्याविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह केला तो याच मालिकेंतील धरणासाठीं. समुद्रानें डोंगरावर आणून टाकलेलें पाणी पूर्वेच्या शेतांऐवजीं पुन्हां पश्चिमेस उतरलें. असो.

येथें एक शंका निघेल. जुलैंत समुद्राची हवा रोजच असते, घाटहि रोज तेथेंच असतो. मग कांहीं दिवस लोणावळ्यास दोनशें मिलिमीटर आणि कांहीं दिवस नुसती भुरभुर, असें कां व्हावें? याचें कारण असें कीं, दोन हवांची सीमा नेहमीं उभी नसते. पुष्कळदां ती आडवी असते. १९६० नंतरच्या दशकांतील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेंत आणि पुढें १९७९ च्या मान्सून मोहिमेंत विमानें व फुगे सोडून समुद्रावरील हवा तपासण्यांत आली. त्यांत असें आढळलें कीं, अरबी समुद्राच्या पश्चिम भागांत दमट हवेचा थर पातळ असून त्याच्यावर अरबस्तानाकडून आलेली उष्ण कोरडी हवा झांकणासारखी बसलेली असते. आपल्या किनाऱ्याकडे येतां येतां हें झांकण सैल होतें व दमट थर जाड होत जातो. बंगालच्या उपसागरांत कमी दाब होऊन तो ओरिसा-मध्यप्रदेशांतून सरकूं लागला, अथवा गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याजवळ कमी दाबाची द्रोणी पडली, म्हणजे पश्चिमेचा वारा जोर धरतो, ओला थर फार उंच जातो आणि घाटांत धो धो कोसळतो. अशा वेळीं वडगांव-तळेगांवकडेहि चांगल्या सरी पोंचतात. उलट पावसाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याशीं सरकला कीं आपल्याकडे उघडीप पडते. वारा पश्चिमेचाच असतो, पण झांकण खालीं उतरलेलें असतें. माथ्यावर भुरभुर, वडगांवास ढगाळ उकाडा, तळेगांवापुढें ऊन.

लावणीच्या दिवसांत हा भेद ज्यास कळला त्याचा चिखल वाळत नाहीं. खालचे ढग धांवत असून मधून मधून वरचें निळें आभाळ दिसत असेल, तर थर पातळ आहे असें समजावें व खाचरांतील पाणी बांधून धरावें. खालपासून वरपर्यंत एकच काळोख असून सूर्याचें बिंबहि दिसत नसेल, तर थर जाड आहे. बांधाच्या सांडी मोकळ्या कराव्या व खताची मात्रा दोन दिवस लांबवावी. यांतहि एक मर्यादा आहे. वायुराशि ऋतु सांगते, गांव सांगत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरांत कुलाब्यास केवळ ७३. दोन्ही ठिकाणीं समुद्राची हवा तीच होती.

भादव्याच्या अखेरीपासून सीमा उलट दिशेनें चालूं लागते. राजस्थानाकडून जमिनीची हवा खालीं उतरते आणि समुद्राची हवा दक्षिणेकडे मागें हटते. मुंबई-पुण्याच्या बाजूस ही परत पावली सर्वसाधारणपणें ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पडते. हटतांना पुन्हां त्यांची गांठ पडते व हस्ताचा गडगडाटी पाऊस होतो. वैशाखांतील वळिवाचा हा भाऊच होय. वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांत निघालेली व १९८७ सालीं प्रसारित झालेली इंद्रायणी जात आज मावळाची ओळख झाली आहे. तिच्या लोंब्या याच दिवसांत भरतात व कापणीस येतात. म्हणून आमच्या मतें मावळच्या भातास जूनच्या आगमनाहून ऑक्टोबरचें निर्गमन अधिक नाजूक. आगमन चुकलें तर रोप पुन्हां टाकतां येतें. कापून आडवें पडलेलें भात पुन्हां उभें करतां येत नाहीं.

सन २०१९ मध्यें वायव्य भारतांतून माघारीस सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली, आणि महिन्याच्या अखेरीस क्यार व त्यापाठोपाठ महा अशीं दोन चक्रीवादळें अरबी समुद्रांत उठलीं. जमिनीची हवा यावयाच्या वेळीं समुद्राची हवा पुन्हां माथ्यावर आली, आणि राज्यभर काढणीस आलेलीं पिकें शेतांत कुजलीं. पुढल्याच सालीं ऑक्टोबरच्या मध्यास बंगालच्या उपसागरांतील कमी दाबाचें क्षेत्र आंध्र-तेलंगणांतून सरळ महाराष्ट्रावर चालून आलें व पुणें जिल्हा पुन्हां भिजला. अशा वेळीं पंचांगांतील चित्रा-स्वातीवर विसंबून विळा घालूं नये. सकाळीं दंव भरपूर पडूं लागलें, वारा पूर्वेचा अथवा ईशान्येचा झाला, लांबचे किल्ले धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसूं लागले, म्हणजे जमिनीची हवा बसली. दंव पाहून कित्येक जण हवा ओली आहे असें समजतात. तें बरोबर नाहीं. दंव पडतें तें आभाळ निरभ्र असल्यामुळें रात्रीं जमीन अतिशय निवते म्हणून. दहा वाजतां तें उडून जातें व पेंढ्या झपाट्यानें वाळतात. उलट पहाटे दंव नाहीं, रात्र उबदार आणि नैर्ऋत्येस ढगांच्या पट्ट्या, अशी हवा असेल तर भात पिवळें झालें असलें तरी दोन दिवस उभेंच राहूं द्यावें. उभें भात पावसानें जितकें बिघडतें त्याहून कापलेलें अधिक बिघडतें.

हिंवाळ्यांत मात्र नॉर्वेच्या आघाडीचे दूरचे आप्त आपल्या भेटीस येतात. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गें जे पश्चिमी विक्षोभ उत्तर हिंदुस्थानांत येतात, त्यांचें शेपूट कधीं कधीं महाराष्ट्रापर्यंत लांबतें. एकटें आलें तर त्याच्यामागें थंडीची लाट येते, एवढेंच. पण त्याच वेळीं समुद्रावरून दमट वारा येत असला तर वरची थंड हवा व खालची ओली हवा यांची गांठ पडून गारा होतात. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यांत गारपिटीनें जो हाहाकार केला तो अशाच गांठीचा. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत असाच अवकाळी पाऊस व बोचरी थंडी एकदम आली, आणि पुणें जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या मेंढरांचे कळपचे कळप दगावले. हरभरा, वाल, मसूर यांचें नुकसान भरून निघतें. धनगराचें धन एका रात्रींत जातें. म्हणून हिंवाळ्यांत वेधशाळेनें विक्षोभाची सूचना दिली व त्याच दिवशीं वारा फिरून दमट लागूं लागला, तर मेंढवाड्यावर आडोसा करण्यास संध्याकाळची वाट पाहूं नये.

पुण्यास हवामानखात्यानें १९३२ सालीं डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखालीं शेतीच्या हवामानाची स्वतंत्र शाखा काढली. पिकाच्या उंचीवरील हवा मोजावयास आपल्या देशांत तेथून सुरुवात झाली. आज शेतीसाठीं हवेचा सल्ला मिळतो, आणि महावेध प्रकल्पांत महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रेंहि बसलीं आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा. पण मावळ तालुक्याचा पाऊस म्हणून जो एक आंकडा छापला जातो त्याचा शेतकऱ्यास कांहीं उपयोग नाहीं; लोणावळें व तळेगांव यांची सरासरी काढणें म्हणजे तुडुंब खाचर व कोरडें माळरान यांची सरासरी काढणें होय. मंडळाचें केंद्र रांगेच्या एका अंगास आणि शेत दुसऱ्या अंगास असेल, तर तो आंकडाहि जपूनच वापरावा. म्हणून प्रत्येक गांवांत निदान एका तरी बांधावर पर्जन्यमापक असावा, रोज सकाळीं साडेआठ वाजतां तो मोजून वहींत टिपावा, आणि त्याच्याशेजारीं दोन साधे उष्णतामापक टांगावे.

त्यांपैकीं एकाच्या पाऱ्याच्या गोळीस स्वच्छ मलमलीचें फडकें गुंडाळून त्याची वात पाण्याच्या लहान बाटलींत सोडावी. ओल्या फडक्यांतील पाणी उडतांना ती गोळी निवते. हवा जितकी कोरडी तितकी अधिक निवते. चैत्रांतील दुपारीं कोरडा पारा ३८ अंशांवर असतांना ओला २०-२१ पर्यंत उतरलेला दिसेल, म्हणजे अंतर सतरा अंशांचें; तोच संध्याकाळीं खारा वारा पोंचला कीं हें अंतर आठावर येईल, आणि आषाढांत दोनावर. ऑक्टोबरांत कापणीच्या आधीं दुपारचें अंतर दिवसेंदिवस वाढत असेल तर जमिनीची हवा बसत आहे. वाढतां वाढतां एकाएकीं आटलें तर विळा खुंटीस ठेवावा. दोन्ही उष्णतामापक उन्हांत टांगूं नयेत, पडवीच्या उत्तर बाजूस वारा खेळेल अशा जागीं असावे. वातीस विहिरीचें पाणी न घालतां पावसाचें धरून ठेवलेलें पाणी घालावें, कारण विहिरीच्या पाण्यांतील क्षार फडक्यावर बसले कीं पाणी चढेनासें होतें व आंकडा चुकतो. आणि फडकें दर आठवड्यास बदलावें.